आत कोण आहे ते विचारून

भांडण झालं त्या दिवशी रुक्मिणीच्या मांडीवर लग्नपत्रिकांचा ढीग होता आणि ती त्यांना घड्या घालत बसली होती. घड्या घालणाऱ्या बाईचे हात अडकलेले असतात, कान मात्र मोकळे. डिचोलीच्या बाजारातला तो छापखाना म्हणजे पुढची एक लांबट खोली आणि मागचं गोदाम. पुढे दोघे भाऊ आणि संगणकावर मजकूर जुळवणारी तेजस्विनी, मागे ही, मध्ये एक पडदा. पडदा ओढला की पलीकडे ऐकू जात नाही अशी पुरुषमाणसांची समजूत असते. बायका ती समजूत मोडत नाहीत.

"एकाचा अडाकला म्हणान तू सगळ्यांचो दिवो घालवलंस," धाकटा शिवदास म्हणत होता. तो कधी आवाज चढवायचा नाही, त्या दिवशीही चढवला नव्हता, पण शब्द कापत होते. "आत तेजस्विनी होती, दादा. तिचा सकाळपासूनचा काम गेला. बटण दाबच्या आधी आत कोण आसा ता विचारूक व्हया होता."

"माज्या छापखान्यात माकाच विचारूक सांगतंस?" हा थोरला बाबाजी, रुक्मिणीचा नवरा. त्याच्या आवाजाने मागच्या गोदामातले कागदसुद्धा हलायचे. "ता यंत्र आसा. देव नाय, कौल लावन विचारूक."

मग बरंच काही झालं. वडिलांचं नाव निघालं, कोणी किती वर्षं राबलं ते निघालं, आणि शेवटी बाबाजी म्हणाला, तुला एवढंच कळतं तर तू वेगळा हो. शिवदास "बरां" म्हणाला. त्या घरात "बरां" म्हणायची सवय फक्त त्यालाच होती, आणि नेमकं नको तेव्हा तो ते म्हणाला.

आठवड्याभरात छापखान्याच्या मधोमध प्लायवूडची भिंत आली. एका दुकानाची दोन दुकानं झाली, दोन दारं, दोन पाट्या.

बाबाजीने बटण दाबून बंद केलं आणि ज्यावरून भांडण झालं, ते यंत्र मात्र वाटता आलं नाही. सगळ्यांचं काम एका जागी राहावं म्हणून भिंतीतल्या कपाटात एक संगणक ठेवलेला होता, सर्व्हर म्हणत त्याला. मेजावरच्या सगळ्या संगणकांच्या तारा तिथे जायच्या. त्याच्या पोटात वडिलांच्या काळापासून जमवलेलं सगळं होतं: देवादिकांची चित्रं, अक्षरांचे साचे, शिरगावच्या जत्रेची पत्रकं, नाटकांचे फलक, पेडण्यापर्यंतच्या घराघरांच्या पत्रिका. एका घरात पाच मुलं असली की मजकूर तोच राहतो, फक्त नवरा आणि मुहूर्त बदलतो, त्यामुळे जुनी पत्रिका हाताशी असलेली बरी. ते तोडून अर्धं-अर्धं कसं करणार? प्लायवूड कपाटाला वळसा घालून पुढे गेलं. कपाटाचं दार शिवदासच्या बाजूला उघडायचं आणि बाबाजीची एक तार भोकातून आत यायची. भावाभावांत तेवढीच तार राहिली.

घर मुळगावला होतं, ते एकच राहिलं, कारण चूल रुक्मिणीची होती आणि तिने ती दोन करायला साफ नकार दिला. मग जेवणं दोन पाळ्यांत व्हायला लागली. शिवदास लवकर जेवायचा, बाबाजी उशिरा. निरोप रुक्मिणीच्या हाती. बाबाजी म्हणायचा, "सांग त्या शहाण्याक," आणि पुढे जे काही म्हणायचा त्यातलं निम्मं ती ओसरीवरच सांडून यायची आणि कामापुरतं पलीकडे पोचवायची. शिवदासचा निरोप उलट इतका थोडका असायचा की तिला त्यात पदरचं घालावं लागायचं. अशी काही वर्षं गेली. दोघांनाही वाटत राहिलं की दुसरा पूर्वीपेक्षा जरा बरं बोलायला लागला आहे.

ती या घरात आली तेव्हा शिवदास शाळेत जात होता. सासू आधीच गेलेली. त्याच्या डोक्याला तेल लावणं, त्याला गणवेशात कोंबणं, तापात त्याच्या उशाशी बसणं हे सगळं नव्या नवरीने केलं, म्हणून त्याची वयनी म्हणजे वयनी आणि आई दोन्ही. पोराची एक रीत तिला पहिल्या दिवसापासून दिसली होती. त्याला कोणाला बोलावून आणायला सांगितलं तर तो दारातून हाक मारायचा नाही, त्या माणसापर्यंत जायचा आणि मग सांगायचा. झोपलेल्याला उठवायचं तर पायाच्या अंगठ्याला हात लावायचा. गोठ्यात शिरताना आधी खाकरायचा, म्हणजे म्हशीला कळावं. बाबाजी त्याला हसायचा. म्हशीची परवानगी घेतो म्हणायचा.

वडिलांच्या हाताखाली तो खिळे जुळवायला शिकला, मग संगणक आले तेही शिकला. सर्व्हरची विद्या त्याला मुळगावातच भाड्याने राहणाऱ्या, बेळगावकडच्या नितीनने दिली. नितीन कुठल्याशा कारखान्यात तेच काम करायचा. रविवारी तो माशांचं हुमण आणि भात जेवायला यायचा आणि जेवून झालं की दोघे काळ्या पडद्यासमोर बसायचे. चित्र नाही, रंग नाही, नुसती पांढरी अक्षरं. रुक्मिणीला वाटायचं, शिक्षा झाल्यासारखे बसतात मेले.

एकदा फणसाच्या आठळ्या सोलताना तिने त्याला विचारलंच, की बाबा, तू त्या काळ्या पाटीवर लिहितोस तरी काय? लग्नाला मुली बघायच्या सोडून तिथे कोणाशी बोलतोस?

त्याने तिला समजेल असं सांगितलं. म्हणाला, वयनी, समज देऊळ आहे. दर्शनाला जो जो आत येतो त्याच्यामागे एकेक सेवेकरी लागतो. तेजस्विनी आली, तिचा एक. दादा आला, त्याचा एक. ते दिसत नाहीत, पण हातात हवं ते तेच आणून देतात. प्रत्येकाला नंबर असतो. मी इथून लिहून विचारतो, आहात का? ते एकेक करून आपल्या नंबरासकट सांगतात, आहे, आहे. एखादा गप्प राहिला की समजायचं, याला भोवळ आली. मग फक्त त्याच्या नंबराला सांगायचं, तू आता जा. तो जातो, माणूस परत आला की त्याला नवा मिळतो, आणि बाकीच्यांना पत्तासुद्धा लागत नाही. कधी कामाची रीत बदलली तर सगळ्यांना म्हणायचं, उठू नका, बसल्या जागी नवं वाचून घ्या. कधी एखादी खोलीच मिटायची असली तर तिचं नाव घेऊन सांगायचं, ही मिटा.

"आनी खोलीत माणूस आसलो तर?"

"तर तो भायर फेकलो जाता, हातातल्या कामासकट. म्हणान आधी बघूचा. आत कोण आसा, काय उघडून बसलो आसा. आत माणूस आसताना मी मिटनय नाय."

रुक्मिणी दुसरीपर्यंत शिकलेली. पण पंगतीत शेवटचा माणूस जेवत असताना पत्रावळी उचलायच्या नाहीत हे तिला कळत होतं, त्यामुळे तिला हेही कळलं. तिने त्याच्या पुढ्यात सोललेल्या आठळ्या सरकवल्या आणि मुलींचा विषय त्या दिवसापुरता सोडला. पुढे कायमचाच सुटला. त्याने लग्न केलं नाही, आणि का केलं नाही ते कोणी त्याच्याजवळ जाऊन विचारलं नाही.

भिंत झाल्यावर बाबाजीचं काही अडलं की तो लाकडी पट्टीने प्लायवूडवर ठोकायचा. पलीकडून उत्तर यायचं नाही, पण थोड्या वेळाने त्याचा संगणक सुटायचा. बाबाजी "हं" म्हणायचा, तोही भिंतीलाच. त्या ठोकण्यावर रुक्मिणीचा जीव होता. दोन भावांनी एकमेकांना काही म्हणायचं ते तेवढंच उरलं होतं.

आणि मग मुलगा, साईश, पणजीहून आला आणि म्हणाला, बाबा, तुम्ही दुसऱ्याच्या कपाटावर कशाला अवलंबून राहता? त्याने नवा संगणक आणून बाबाजीच्या मेजाखाली बसवला, सर्व्हरवरचं बाबाजीचं सगळं त्यात उतरवून घेतलं, चहाबरोबर दोन उंडे पाव खाल्ले आणि गेला. पोराचा हेतू चांगला होता. 

संध्याकाळी बाबाजी म्हणाला, "त्याका सांग, माझी खोली बंद कर म्हणान."

एरवी निरोप पोचवायला तिला अंगण ओलांडायचा उशीर, पण हा तिने तोंडात धरून ठेवला. आज डोकं दुखतं, उद्या सोमवार आहे. ती खोली मिटली की भोकातली तार ओढून घेतील, पट्टी ठोकायचं कारण उरणार नाही, आणि मग एका छपराखाली दोन भाऊ मरेपर्यंत पाळ्या लावून जेवतील. दोघांचीही वयं आता अशी होती की मरेपर्यंत हा शब्द उगाच बोलायचा राहिला नव्हता. बाबाजीने दोनदा विचारलं तेव्हा तिला सांगावंच लागलं.

शिवदासचा हात ताटात थांबला. "बरां," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ती पलीकडच्या दुकानात मुद्दाम पोळी द्यायच्या निमित्ताने गेली. पोदेराच्या म्हणजे पाववाल्याच्या टोपलीतली गरम होती म्हणाली, पण ती बघायला आली होती. शिवदास काळ्या पाटीसमोर बसला होता. त्याने काही लिहिलं, ओळी आल्या, त्या त्याने बोट लावून वाचल्या. मग हात मागे घेतला.

"आत दादा आसा," तो म्हणाला. "एक फाईल उघडी आसा त्याची. फाल्यां बघतंय."

उद्या पाहिलं तर दादा आतच. परवाही आतच. शिवदासने मग ते रोजचं काम करून टाकलं. सकाळी कपाट पुसायचं, सगळे आहात का विचारायचं, दादाच्या खोलीत बघायचं, दादा आत आहे म्हणून सोडून द्यायचं. शनिवारी दुकान मिटून गेला, रविवार उलटून सोमवारी आला, तरी फाईल उघडीच.

आता बाबाजी म्हणजे काय माणूस, ते सांगायला हवं. न्हाणीत माणूस असताना बाहेरून दिवा घालवणारा तो. विजेची भारी काळजी. दुकान मिटताना पंख्याचं बटण, दिव्याचं बटण, संगणकाचं बटण, सगळं त्याच्या हाताने, आणि वर खात्रीला पुन्हा एकदा. तोच माणूस हल्ली संध्याकाळी जुना संगणक तसाच चालू ठेवून कुलूप लावत होता. रुक्मिणीला वाटलं, विसरतो, वय झालं. एका संध्याकाळी तिने स्वतःच बटणाकडे हात नेला.

"रांव दे," बाबाजी म्हणाला. "आत काम आसा."

तिने पडद्याकडे पाहिलं. वाचता फारसं येत नसलं तरी कोरा कागद कळायला शाळा लागत नाही. पांढरं पान होतं, त्यावर एक ठिपका नव्हता. सर्व्हरच्या खोलीतून ते एक कोरं पान उघडून ठेवलेलं, आणि कामं सगळी मेजाखालच्या नव्या यंत्रावर.

"कसला काम? कागद कोरो आसा."

बाबाजी जनेलातून रस्त्याकडे बघत राहिला. शिरगावच्या वाटेने एक ट्रक लाल धूळ उडवत गेला, तो दिसेनासा होईपर्यंत बघितला. मग म्हणाला, "तुका कळाचा नाय."

तिला कळलं होतं. इतकं कळलं की हसू पदरात धरावं लागलं. आत माणूस असताना शिवदास मिटत नाही, हे ज्याने पडद्याआड ओरडून उडवून लावलं होतं त्याच बाबाजीने अगदी नीट ध्यानात ठेवलं होतं. खोली बंद कर म्हणून निरोपही पाठवायचा आणि आत पाय रोवून बसायचंही. हे ती कोणालाच बोलली नाही. पिकत आलेल्या फणसाला बोट लावू नये तसं तिने ते तसंच ठेवलं.

पण फणससुद्धा फार काळ ठेवता येत नाही. कपाटात सर्व्हरच्या खाली एक बॅटरीचा डबा होता. लाइट गेली की थोडा वेळ तो यंत्राला धरून ठेवायचा. पावसाच्या तोंडावर तो टूं टूं करायला लागला. शिवदास म्हणाला, बॅटरी मेली, बदलायला हवी, आणि त्यासाठी सर्व्हर पुरता थांबवावा लागेल. तेजस्विनीने आपलं काम सांभाळून बंद केलं. दुसऱ्या मेजावरचं बंद झालं. काळ्या पाटीवर एकटाच उरला, दादा, त्याच्या कोऱ्या पानासकट.

शिवदासने वयनीबरोबर निरोप पाठवला की बॅटरी बदलायची आहे, बाहेर ये. बाबाजीने निरोप ऐकला आणि चष्मा पुसायला घेतला. पुसून झाला, डोळ्यांवर चढवला, आणि बसल्या जागचा हलला नाही. रुक्मिणीने परत जाऊन सांगितलं. शिवदास म्हणाला, मग थांबतो. एक बाहेर निघत नाही, एक आत येत नाही, आणि कपाटात टूं टूं. बाहेर आभाळ भरून आलं होतं. वारा सुटला की डिचोलीत लाइट जायला निमित्त लागत नाही. अशा वेळी लाइट गेली तर यंत्र चालता चालता कोसळणार, आणि वडिलांच्या काळापासूनचं त्यातलं काय वाचेल, काय जाईल, शिवदासला सांगता येत नव्हतं. तो नुसता जनेलातून आभाळ बघत होता.

रुक्मिणी इकडून तिकडे आणि तिकडून इकडे करून दमली. बाबाजीच्या संगणकाचं बटण भिंतीवर, त्याच्या शेजारच्या बांकाच्या अगदी वर होतं. हात वर केला की झालं. दोघेही सुटले असते, यंत्र सुटलं असतं, आणि दोघेही तिला बोलले असते, तेही तिने सोसलं असतं. हात तिने वर नेलाही. पण तिच्या मनात आलं, मी हे केलं तर यांना एकमेकांची गरजच उरत नाही. तिने हात खाली घेतला आणि तिथेच बांकावर पत्रिकांना घड्या घालायला बसली. आता मी कोणाचा निरोप नेणार नाही, असं तिने दोन्हीकडे ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं.

लांबून गडगडलं. पलीकडची खुर्ची सरकली. शिवदास आपल्या दाराने रस्त्यावर उतरला आणि या दारात आला. भिंत झाल्यापासून तो उंबरठा त्याने ओलांडला नव्हता. तो खाकरला.

"दादा."

"काय?"

"आत आसंस?"

"तुका काय दिसता?"

"बॅटरी बदलूची आसा. बंद करू?"

बाबाजीने पहिल्यांदा मान वर केली. "विचारतंस?"

"विचारतंय."

रुक्मिणीने घडी घालायचं थांबवलं नाही, पण ती घडी वाकडी गेली.

"ये, बस," बाबाजी म्हणाला. "ह्या बंद कसा करतत, ता दाखय माका."

शिवदास त्याच्या मागे जाऊन उभा राहिला. ते पान त्याने तेव्हा पाहिलं. इतके महिने त्याला फाईलचं नाव दिसत होतं, आत काय आहे ते दिसत नव्हतं.  मग त्याने हात दादाच्या खांद्यावरून पुढे नेला.

"ह्या सांभाळूचा काय?" बाबाजीने विचारलं. "काय्येक नाय त्यात."

"सांभाळ," शिवदास म्हणाला.

लाइट गेली ती त्यानंतर, बॅटरी बदलून चहा पिऊन झाल्यावर. त्या दिवशी घरी भाताचं एकच पातेलं एकदाच उतरवलं, आणि तिघांनी एकत्र बसून खाल्लं. कोणी फारसं बोललं नाही. सवय नव्हती. प्लायवूडची भिंत तशीच राहिली, चांगल्या प्लायवूडची होती, आणि दोन्ही बाजूंनी तिच्यावर कॅलेंडरं लागली होती. पण बाबाजी मधूनच पलीकडे जाऊन बसायला लागला आणि शिवदासच्या कामात चुका काढायला लागला, त्यावरून सगळं ठीक झालं हे रुक्मिणीने ओळखलं. खोली बंद करायचा निरोप पुन्हा कोणी दिला नाही. साईशने एकदा विचारलं, दोन-दोन ठिकाणी कशाला ठेवता? बाबाजी म्हणाला, तुला कळायचं नाही.

चांगले दिवस आले आणि शिवदासच्या छातीने कुरकुर सुरू केली. डॉक्टरांनी जिने चढू नको सांगितलं, म्हणून तो जिने टाळायचा, बाकी काही टाळायचा नाही. दमला की कपाटाजवळच्या खुर्चीत बसायचा. बाबाजी पाण्याचा तांब्या त्याच्या हाताशी ठेवायचा आणि ठेवताना काहीतरी टोचून बोलायचा, नाहीतर ठेवता आला नसता.

त्या वर्षीची चवथ त्याला मिळाली नाही. आदल्याच पहाटे, गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीची फळं ओसरीवर यायची होती तेव्हा, तो झोपेतच गेला. रुक्मिणी उठवायला गेली होती. तिने त्याच्या पायाच्या अंगठ्याला हात लावला होता.

तो गेला त्याच्या आदल्या दुपारी छापखाना सणासाठी मिटायचा होता. आरत्यांची पुस्तकं गिऱ्हाइकं घेऊन गेली होती, धारगळची शेवटची गठडी बसने रवाना झाली होती. दरवर्षी सुट्टीआधी सर्व्हर थांबवायचं काम शिवदासचं. बाबाजी म्हणाला, तू बस, सांग मला, मी करतो. शिवदास म्हणाला, फिरायचंच तर आहे. तो उठला. तेजस्विनीच्या मेजाशी गेला, झालं का विचारलं. ती म्हणाली, एक ओळ राहिली आहे. तो तिथेच उभा राहिला, तिची ओळ पुरी होईपर्यंत. मग दुसऱ्या मेजाशी. मग रस्त्यावर उतरून पलीकडच्या दारात गेला, खाकरला आणि म्हणाला, "दादा, बंद करतंय." बाबाजीने आपलं सगळं मिटलं आणि झालं म्हणून हात हलवला. गोदामात येऊन त्याने वयनीलाही सांगितलं. तिचा त्या यंत्राशी काडीचा संबंध नव्हता, पण तो सांगायचाच.

परत येऊन तो काळ्या पाटीसमोर बसला. आत कोण आहे ते विचारलं. कोणीच नव्हतं. तरी खात्रीला आणखी एकदा बघितलं आणि मग सर्व्हरला थांबायला सांगितलं. हिरवा दिवा थोडा वेळ लुकलुकत राहिला. तो जाईपर्यंत शिवदास खुर्ची धरून उभा होता. दिवा गेल्यावर त्याने फडक्याने यंत्रावरची लाल धूळ पुसली आणि कपाटाचं दार आवाज न करता लोटून घेतलं.